कामेदाची अर्धी लेन्स

काको नदीच्या बंधाऱ्यावर हाशिझुमे योशिरोला सगळे ओळखायचे ते त्याच्या आवाजामुळे. ऑक्टोबर लागला की समुद्राकडून बोय मासे नदीत चढतात आणि त्यांच्या मागावर मिसागो येतात, म्हणजे मासे मारणाऱ्या घारी. घार उंच घिरट्या घालते, मध्येच एका जागी पंख फडफडवत थांबते आणि मग दगड सुटावा तशी खाली येते. पाण्यावर आदळून, मासा उचलून ती पुन्हा वर जाईपर्यंत जेमतेम तीन सेकंद जातात. त्या तीन सेकंदांसाठी रविवारी उजाडायच्या आत तीस-चाळीस माणसं काठावर तिवया ठोकून, घडीच्या खुर्च्या टाकून, डब्यातली गरम कॉफी पीत बसलेली असतात.

घार कधी पडणार हे योशिरोला तिच्या मानेवरून कळायचं. कसं कळायचं ते त्याला सांगता यायचं नाही. पण त्याने "आली!" म्हटलं की ती खरोखर यायची, आणि त्या आवाजासरशी सगळ्या काठावर कॅमेऱ्यांची बटणं दाबली जायची. फोटोही त्याचेच सर्वांत चांगले असत. शिकाता गावातल्या मोज्यांच्या कारखान्यात तो अडतीस वर्षं विणकामाची यंत्रं जुळवत आला होता. साठी झाल्यावर कारखान्याने त्याला पुन्हा ठेवून घेतलं होतं, पण पगार निम्म्यावर आणून. कारखान्यात त्याला 'यो-सान' म्हणणारे पाच-सहा जण उरले होते. बंधाऱ्यावर मात्र नवखी माणसं त्याच्या पाठीमागे उभी राहून त्याची बोटं बघायची.

त्याच्या शेजारची जागा कामेदा शुनजीची. कामेदा टपाल खात्यातला, लाल मोटरसायकलवरून पत्रं वाटण्यात त्याची उमर गेली. दोघांची गाठ एकोणीस वर्षांपूर्वी याच काठावर पडली होती, दोघांच्या हातात एकाच कंपनीचे कॅमेरे होते म्हणून. एका कंपनीची लेन्स दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्याच्या कडीत बसत नाही, त्यामुळे कॅमेरेवाल्यांची मैत्री पुष्कळदा त्या कडीवरच ठरते. या दोघांनी लेन्स एकमेकांच्या वापरल्या, बॅटऱ्या एकमेकांच्या ढापल्या, आणि बारा वर्षांपूर्वी निम्मेनिम्मे पैसे घालून एक थोरली लेन्स जुन्या बाजारात घेतली. एका रविवारी ती योशिरोच्या कॅमेऱ्यावर, पुढच्या रविवारी कामेदाच्या. कामेदाच्या फोटोंत बहुतेक वेळा रिकामं आभाळ यायचं, नाहीतर पाण्याचा उडालेला फवारा आणि घारीची शेपटी. "आलं बघ माझं शेपूट," असं म्हणून तोच आधी हसायचा. योशिरोला कामेदा फार आवडायचा.

त्या वर्षीच्या ऑक्टोबरातल्या दुसऱ्या रविवारी कामेदा आला तो नवी कोरी काळी बॅग घेऊन. वसंतात तो कायमचा निवृत्त झाला होता. बॅगेतून त्याने कॅमेरा काढला, त्यावर लांबट लेन्स चढवली आणि जणू विशेष काही नाही असा कॉफीचा डबा उघडला.

"हे काय?" योशिरोने विचारलं.

"मिररलेस, बिनआरशाचा," कामेदा म्हणाला. "बदलला."

"कंपनीच बदललीस?"

"सगळंच बदललं. जुनं सगळं देऊन टाकलं."

पलीकडे बसलेल्या इसेकीबाई लगेच मान उंचावून बघायला लागल्या. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या, जीभ अजून वर्गातलीच. "अहो कामेदा-सान, निवृत्तीचा सगळा पैसा नदीत टाकलात की काय?"

"निम्माच टाकलाय. उरलेला बायकोने धरून ठेवलाय."

सगळे हसले. योशिरोही हसला, पण जरा उशिरा.

साडेसातच्या सुमारास पहिली घार थांबली. तिची मान खाली वळताना योशिरोने पाहिली आणि सवयीने ओरडला, "आली!" त्याचा कॅमेरा खडखडला. शेजारून काहीच आवाज आला नाही. आपल्या मित्राला बटण सापडलं नाही असं त्याला वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्याला बरंही वाटलं. घार मासा घेऊन डोंगराकडे निघून गेली. कामेदाने शांतपणे कॅमेऱ्याची पाठ त्याच्याकडे वळवली. एकामागून एक चित्रं सरकू लागली. घार उतरतेय, पाय पुढे काढलेत, पाणी फुटलंय, मासा वर येतोय. प्रत्येक चित्रात घारीचा पिवळा डोळा टाचणीच्या टोकासारखा लख्ख.

"यंत्र आपणच डोळा शोधतं रे," कामेदा म्हणाला. "आवाजही करत नाही. मी नुसतं बटण दाबून धरलं. तू ओरडलास तेव्हा दाबलं, बस."

कामेदाभोवती माणसं जमली. इसेकीबाई चष्मा कपाळावर चढवून वाकल्या. परवापरवापर्यंत योशिरोच्या पाठीमागे उभा राहणारा एक बँकवाला कामेदाला लेन्सची किंमत विचारू लागला. योशिरोने आपले फोटो पाहिले. दोन बरे होते. त्याने कॅमेरा बंद केला आणि तिवईचा एक स्क्रू, जो अजिबात सैल नव्हता, तो घट्ट करत बसला.

निघताना कामेदाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "ती थोरली लेन्स आता तुझीच. माझ्या कॅमेऱ्यावर बसतच नाही ना. माझी अर्धी तुला दिली."

"दिली म्हणजे?"

"दिली म्हणजे दिली. आता दर रविवारी तुझीच. मजा कर."

कामेदाचा स्वर स्वच्छ होता. योशिरोला मात्र ते शब्द घरी जाईपर्यंत टोचत राहिले. जुने कपडे धाकट्या भावाला द्यावेत तशी याने मला लेन्स दिली, हेच त्याच्या डोक्यात घोळत राहिलं.

घरी तामाए, त्याची बायको, सुपरमार्केटच्या तळणविभागातली पाळी संपवून नुकतीच आली होती. तिथल्या उरलेल्या कोरोक्के, म्हणजे बटाट्याच्या तळलेल्या वड्या, ती बशीत मांडत होती.

"कामेदाने नवा कॅमेरा घेतला," तो म्हणाला.

"बरं झालं की. बिचाऱ्याला कधी धड फोटो काढता आला नाही."

"आता येतात. यंत्रच काढतं."

"मग तर आणखी बरं."

"त्यात काय बरं? घार कुठे बघते, कधी पडते, काही कळायची गरज नाही. बटण दाबून धरायचं. माकडाच्या हातात दिला तरी माकड फोटो काढेल."

तामाए खाली बसली आणि त्याच्याकडे नीट बघू लागली. "अहो, तुम्ही जळताय."

"मी? मी कशाला जळू?"

"ते मला काय विचारता? कोबी घ्या."

योशिरोने कोबी घेतला. टपाल बँकेत त्याच्या नावावर दोन लाख तीस हजार येन होते. महिन्याच्या हातखर्चातून, सिगारेट सोडून, कारखान्याच्या सहलींना दांडी मारून चार वर्षांत साठवलेले. तो पैसा कशासाठी, हे त्याने स्वतःलाही कधी सांगितलं नव्हतं. त्या रात्री ते त्याने स्वतःला सांगून टाकलं.

पुढच्या शनिवारी आपलं सगळं सामान दोन बॅगांत भरून तो लोकलने हिमेजीला गेला. स्टेशनमागच्या गल्लीत जुन्या कॅमेऱ्यांचं एक दुकान आहे, तिथे तो वीस वर्षं जात होता, बहुतेक वेळा नुसतं बघायला. मालक किनोशिता, पन्नाशीचा, हातात पांढरे मोजे घालून एकेक वस्तू दिव्याखाली धरायचा.

"हाशिझुमे-सान, हे सगळंच?"

"बघा तर खरं किती येतात."

किनोशिताने दोन्ही कॅमेरे तपासले, चार लहान लेन्स फुंकर मारून पाहिल्या. थोरली लेन्स मात्र त्याने हळूच बाजूला ठेवली. "या लहान लेन्स आणि कॅमेरे मिळून एक लाख वीस हजार. आरशाचे कॅमेरे आता कोणी घेत नाही हो. दोन वर्षांपूर्वी आणले असतेत तर दुप्पट दिले असते." मग त्याने थोरलीकडे पाहिलं. "आणि ही नव्वद हजार."

योशिरोने त्याला कामेदाच्या कॅमेऱ्याचं नाव सांगितलं. कपाटात तोच कॅमेरा होता, वापरलेला पण निरोगी, बरोबर तीच लांबट लेन्स. दोन्ही मिळून चार लाख पस्तीस हजार. योशिरोने मनात बेरीज केली. थोरली लेन्स दिली तर पैसे पुरत होते, पाच हजार उरत होते. ती ठेवली तर काही केल्या पुरत नव्हते.

"हातात घेऊन बघा ना," किनोशिता म्हणाला.

दुकानाच्या दारातून समोरच्या छपरावर कबुतरं दिसत होती. योशिरोने डोळा लावला. एक कबुतर उडालं, आणि कॅमेऱ्यातला एक छोटा हिरवा चौकोन कबुतराच्या डोळ्यावर जाऊन चिकटला. कबुतर वळलं तसा चौकोन वळला, तारेमागे गेलं तसा तोही गेला, बाहेर आलं तसा तोही आला. एकोणीस वर्षं योशिरोने मनगटाला जे शिकवलं होतं ते हे यंत्र कारखान्यातूनच शिकून आलं होतं. आणि ते कामेदाच्या हातात होतं. त्या शेपूट कामेदाच्या!

"एक सुचवू का?" किनोशिताने विचारलं. "कंपनी बदलायची गरजच नाही तुम्हाला. तुमच्याच कंपनीचा मिररलेस आहे माझ्याकडे, पहिल्या पिढीतला. मध्ये एक जोडकडी लावली की तुमच्या सगळ्या लेन्स त्यावर चालतात, ही थोरलीसुद्धा. जोडकडी धरून एक लाख ऐंशी हजार. काही विकायला नको."

"डोळा शोधतो?"

"शोधतो. जरा सावकाश शोधतो."

"म्हणजे यापेक्षा कमी."

"यापेक्षा कमी, खरं आहे. पण तुमच्यासारख्या माणसाला ते पुरेल."

एरवी योशिरोने अशा माणसाचे आभार मानले असते. सल्ला शहाणपणाचा होता, खिशाला झेपणारा होता, आणि तो समजायला त्याला एक क्षणही लागला नाही. पण डोळ्यांसमोर कामेदाभोवतीचा घोळका होता. कामेदापेक्षा सावकाश यंत्र घेऊन त्याच्या शेजारी बसायचं? "बघ, यानेही घेतला, पण स्वस्तातला," असं त्या बँकवाल्याने म्हणायचं? घ्यायचा तर तोच, नाहीतर काही नको.

"की हाच देऊ तुम्हाला बांधून?" किनोशिताने कपाटातल्याकडे बोट दाखवलं.

योशिरो हो म्हणणार होता. त्याचा हात थोरल्या लेन्सवर होता. तिच्या बुडाशी कामेदाने बारा वर्षांपूर्वी टपालाच्या पार्सलावरची पट्टी चिकटवली होती आणि त्यावर दोघांची आडनावं लिहिली होती. कामेदाने दान दिलेली लेन्स विकून कामेदासारखा कॅमेरा घ्यायचा. ही गोष्ट बंधाऱ्यावर दोन रविवारांत सगळ्यांना कळली असती, आणि कामेदा तर मोठ्या मनाने "अरे वा, छान केलंस" म्हणाला असता. ते "छान केलंस" योशिरोला आत्ताच ऐकू येत होतं. त्याने सगळं सामान पुन्हा बॅगांत भरलं.

"काय झालं?" किनोशिताने विचारलं.

"अर्धी माझी नाही ती," योशिरो म्हणाला.

परतीच्या गाडीत त्याला आपल्या मनासारखा उपाय सापडला. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत त्याने टपाल बँकेतून एक लाख वीस हजार काढले. बारा वर्षांपूर्वी कामेदाने आपल्या अर्ध्या भागाचे दिले होते तेवढेच. आज अख्खी लेन्स नव्वद हजारांची होती, हे त्याला ठाऊक होतं. संध्याकाळी तो पाकीट घेऊन कामेदाच्या दारात उभा राहिला.

कामेदाला आधी काही कळेचना. "हे कशाचे?"

"लेन्सचे. तुझ्या अर्ध्या भागाचे."

"अरे, मी दिली ना तुला!"

"मला फुकट नको."

"वेडा आहेस का? आणि इतके? आज तिला बाजारात कोण विचारतं?"

"तू तेव्हा जेवढे घातलेस तेवढे."

कामेदाचा चेहरा हळूहळू लाल झाला. "योशी, मित्राने मित्राला एक वस्तू दिली. तू ती विकत घ्यायला आलास?"

"घे आणि मोकळा कर मला."

"मोकळा? कशातून?"

याचं उत्तर योशिरोकडे होतं, पण सांगण्यासारखं नव्हतं. त्याने पाकीट चपलांच्या कपाटावर ठेवलं आणि वळला. मागून कामेदाची बायको काहीतरी विचारत होती. कामेदा तिला म्हणाला, "राहू दे. ठेव आत." त्याने पाकीट परत आणून दिलं नाही. रस्त्यावर योशिरोची मान ताठ होती. घराच्या कोपऱ्यापर्यंत ती ताठ राहिली. तिथे त्याच्या लक्षात आलं की आता उरलेल्या एक लाख दहा हजारांत तोही कॅमेरा येत नाही आणि हाही येत नाही.

तामाएने ऐकून घेतलं. ती रागावली नाही, ते त्याला जास्त लागलं. "तुमचे पैसे, तुमची लेन्स," ती म्हणाली. "पण मला एक सांगा, एवढे पैसे देऊन तुम्ही आणलंत काय?"

दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी कामेदा आला तेव्हा त्याची लेन्स आणखी लांब दिसत होती. कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये पांढरा नवा कोरा वर्धक बसवला होता, चित्र दीडपट जवळ आणणारा.

"हा कधी घेतलात?" इसेकीबाईंनी विचारलं.

"घेतला," कामेदा म्हणाला आणि योशिरोकडे सरळ बघत पुढे म्हणाला, "अचानक एका ठिकाणचे पैसे आले."

योशिरोच्या अंगाचा तिळपापड झाला. आपल्या चार वर्षांच्या सिगारेटी, आपल्या न केलेल्या सहली त्या पांढऱ्या नळकांड्यात बसल्या होत्या आणि घारीला कामेदाच्या दीडपट जवळ नेत होत्या. कामेदाने मुद्दाम केलं होतं की बिनडोकपणे, हे त्याला ठरवता येईना. दोन्हींचा राग सारखाच येत होता.

आठच्या सुमारास घार थांबली. पंख फडफडले, मान वळली. योशिरोने बटण दाबलं आणि तोंड मिटून ठेवलं.

घार पडली, उठली, गेली. काठावर नुसता गोंधळ. "अरे, पडली!" "कुठे?" "गेली की!" कामेदा अजून वर आभाळात शोधत होता. योशिरोच्या कॅमेऱ्यात एक फोटो सुरेख आला होता. त्याने तो कोणाला दाखवला नाही, पण आतून त्याला गरमागरम काहीतरी खाल्ल्यासारखं वाटलं.

त्या दिवसापासून त्याने आवाज दिला नाही. कोणी काही म्हटलं तर घसा दाखवायचा. यंत्राला डोळा सापडायचा, पण बटण कधी दाबायचं ते माणसालाच ठरवावं लागायचं, आणि ते आतापर्यंत सगळ्यांच्या वतीने एकटा योशिरो ठरवत आला होता, हे त्यालाही याआधी कधी जाणवलं नव्हतं. नोव्हेंबरभर काठावरची माणसं चिडचिडी झाली. बँकवाला यायचा थांबला. एकदा इसेकीबाईंनी त्याच्यासमोर लिमलेटच्या गोळ्या धरल्या. "घशासाठी. आणि घशात दुसरं काही अडकलं असेल तर त्यालाही लागू पडतात म्हणे." योशिरोने गोळी घेतली आणि चघळत राहिला. कामेदा त्याच्याकडे बघेनासा झाला. डिसेंबरात घारी कमी झाल्या तेव्हा दोघं शेजारी बसून दोन-दोन तास एक शब्द बोलत नव्हते.

नववर्षाच्या सकाळी शुभेच्छापत्रांच्या गठ्ठ्यात कामेदाचं पत्र होतं. त्यावर फोटो होता, घारीने दोन बोय एकदम उचललेले, एकेका पायात एकेक. असा फोटो योशिरोने एकोणीस वर्षांत काढला नव्हता. त्याच्या आवाजाशिवाय काढलेला होता तो. पत्रावर "यंदाही लोभ असावा" एवढंच. योशिरोने ते विमा कंपनीच्या आणि न्हाव्याच्या पत्रांखाली सरकवलं. दुपारी तामाए झोपल्यावर पुन्हा वर काढलं, भिंग आणून घारीच्या डोळ्यातलं प्रतिबिंब पाहिलं, आणि भिंग जोरात टेबलावर ठेवलं.

मार्चमध्ये आमच्या हारिमा भागात घराघरांत इकानागो शिजतात. बोटाएवढे मासे सोया, साखर आणि आलं घालून आटवायचे आणि डबे भरून नात्यात, शेजारात वाटायचे. हल्ली समुद्रात ते मिळेनासे झालेत, भाव सोन्यासारखा, त्यामुळे पुष्कळ घरांनी सोडून दिलं. त्या वर्षी तामाएनेही केले नाहीत. एका संध्याकाळी बेल वाजली तर दारात कामेदा, हातात डबा.

"बायकोने पाठवलेत," तो म्हणाला. "थोडेच आहेत. एक किलोचेच केले."

तामाएने त्याला आत घेतलं, चहा टाकला आणि स्वतः वाळत घातलेले कपडे काढून आणायच्या निमित्ताने वर माडीवर गेली. दोघं समोरासमोर बसले.

"घसा कसा आहे?" कामेदाने विचारलं.

"घशाला काही झालं नव्हतं."

"माहीत आहे मला."

"माहीत होतं तर विचारलं का नाहीस?"

"काय विचारू? बाबा रे, मला सांग घार कधी पडते, असं? पासष्ट वर्षांचा माणूस मी." कामेदाने कप खाली ठेवला. "तुला वाटलं मी तो कॅमेरा घारींसाठी घेतला?"

"मग?"

"तुझ्यासाठी. तुझ्या त्या आवाजासाठी! एकोणीस वर्षं तू 'आली' म्हणायचास आणि मी बटण दाबायचो. तुला फोटो मिळायचा, मला शेपूट. आणि तू यायचास माझं शेपूट बघायला, 'पुढच्या वेळी येईल हं' म्हणून माझी समजूत घालायला. मला इतका राग यायचा. घरी जाऊन मी जेवायचो नाही. बायकोला विचार! नोकरीतून सुटताना पहिला विचार कुठला आला माहिती आहे? आता योशीच्या तोडीचा फोटो काढायचा. तिला वचन दिलं होतं निवृत्तीनंतर ओकिनावाला नेईन. ते पैसे घातले त्यात. ती पंधरा दिवस माझ्याशी बोलली नाही."

योशिरो ऐकत राहिला. अशा वेळी माणसाला वाईट वाटायला हवं, मन भरून यायला हवं. पण त्याला जे झालं ते वेगळंच होतं. त्याला आनंद झाला, निर्लज्ज, पोटापासून वर येणारा आनंद. हा माणूस एकोणीस वर्षं माझ्यावर जळत होता! त्याने चहाचा घोट घेऊन तो आनंद लपवला.

"आणि तो वर्धक?" त्याने विचारलं.

"तो तुला चिडवायला घेतला," कामेदा म्हणाला. "तू पाकीट फेकून गेलास माझ्या दारात. भिकाऱ्याला द्यावं तसं."

"फेकलं नव्हतं. ठेवलं होतं."

"चपलांवर!"

"कपाटावर."

यावर दोघांनाही हसू आलं, पण कोणी फार हसलं नाही. मग योशिरोने, कामेदाच्या तोंडाकडे न बघता, माफी मागितली. गप्प बसलो ते हलकटपणाचं होतं, असं तो म्हणाला. कामेदा "हं" म्हणाला. आपण लेन्स देताना वरच्या पायरीवरून दिली असेल, हे त्याने काही कबूल केलं नाही. त्याला ते सुचलंच नसावं. योशिरोने ते मनात नोंदवून ठेवलं. जाताना कामेदा दारात थांबून म्हणाला, "डबा परत दे हं. बायकोचा आवडता आहे."

उन्हाळ्यात योशिरोने हळूहळू आपला जुना जादा कॅमेरा आणि दोन लहान लेन्स विकल्या. उरलेल्या एक लाख दहा हजारांत भर पडत गेली. सप्टेंबरच्या शेवटी त्याने किनोशिताला फोन केला. तो पहिल्या पिढीतला मिररलेस गेला होता, पण तसाच दुसरा आला होता, कोपरा जरा घासलेला, म्हणून दहा हजार कमी.

त्या शनिवारी कामेदा त्याला आपल्या गाडीतून हिमेजीला घेऊन गेला. योशिरोने त्याला बोलावलं नव्हतं. तामाएने त्याच्या बायकोला सांगितलं होतं. दुकानात कामेदा किनोशिताशी अशी घासाघीस करू लागला की जणू कॅमेरा त्यालाच घ्यायचा होता. बटणं फिरवून दाखवली, घासलेल्या कोपऱ्यावर बोट ठेवून हळहळला, आणि जोडकडीबरोबर एक जादा बॅटरी फुकट पदरात पाडून घेतली. योशिरो बाजूला उभा होता. आपल्या खरेदीत आपल्यालाच बोलायला मिळत नाही, म्हणून तो धुसफुसत होता. पण बॅटरी खिशात टाकायला त्याने नकार दिला नाही.

परत येताना दोघं काकोगावा शहरात स्टेशनजवळच्या खानावळीत थांबले आणि कात्सुमेशी मागवली. जागा खिडकीपाशी होती. भातावरचं तळलेलं मांस आणि वरचा दाट रस येईपर्यंत कामेदाने हात पुढे केला.

"बघू."

योशिरोने जरा वेळ लावला. मग थोरली लेन्स न लावता, नुसती लहान लेन्स चढवून कॅमेरा त्याच्या हातात दिला. कामेदाने तो खिडकीबाहेर रोखला. रस्त्यापलीकडे तारेवर चिमण्या होत्या. त्याने बटण अर्धं दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. एक चिमणी उडाली तसा तो तिच्या मागे वळला, खुर्चीसकट.

"छान आहे," तो म्हणाला. मग पुन्हा डोळा लावून म्हणाला, "छान आहे रे. रंग चांगले आहेत. माझ्यापेक्षा जरा..." आणि पुढचं त्याने बोलायचं टाळलं.

"जरा काय?"

"काही नाही. जरा वेगळे आहेत."

योशिरोने त्याच्या चेहऱ्याकडे बारकाईने पाहिलं. भुवईपाशी काहीतरी किंचित आवळलं गेलं होतं. खिडकीतल्या उन्हामुळेही असेल. तेवढ्यात ताटं आली. योशिरोने कॅमेरा मागून घेतला, पुसून बॅगेत ठेवला, बॅग मांडीशी घट्ट धरली, आणि कित्येक महिन्यांत जेवला नव्हता इतक्या चवीने जेवायला लागला.